मेट्रो स्वतःची ओळख कशी सांगते?

नागपूरच्या दक्षिणेकडील हुडकेश्वर भागातून रिंग रोडने मानेवाडा, ओंकार नगर आणि नरेंद्र नगर ओलांडून छत्रपती चौकातील मेट्रो स्थानक गाठणाऱ्या प्रवाशाला दोन प्रश्न हमखास पडतात. डब्यावर आतून-बाहेरून जो क्रमांक लिहिलेला असतो तो नेमका कोणासाठी असतो, हा पहिला प्रश्न. आणि केबिनमध्ये बसलेला माणूस काहीही बोलत नसताना पुढच्या स्थानकाचे नाव गाडीला अचूक वेळी कसे कळते, हा दुसरा. वरवर पाहता या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध दिसत नाही. प्रत्यक्षात मात्र डब्याचा क्रमांक, मार्गाचा रंग आणि घोषणेचा आवाज ही एकाच संवादाची तीन अंगे असून त्यांचे ऐकणारे तेवढे निरनिराळे आहेत. कोणती खूण कोणासाठी आहे हे एकदा उमगले, की एरवी गूढ वाटणारी ही व्यवस्था पाटीवरच्या अक्षरांसारखी सहज वाचता येते.

१. डबा, बोगी आणि रेक

प्रथम शब्दांची उकल केली पाहिजे. मराठी बोलण्यात 'बोगी' म्हणजे रेल्वेचा अख्खा डबा. कारखान्यातील माणसाच्या लेखी मात्र बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा, ज्यात बहुधा दोन आस आणि चार चाके असतात, आणि एका डब्याखाली असे दोन सांगाडे बसवलेले असतात. एकत्र जोडून एकच गाडी म्हणून धावणाऱ्या डब्यांच्या माळेला 'रेक' म्हणतात. एखाद्या मार्गाकडे किंवा संस्थेकडे असलेल्या सगळ्या रेकचा मिळून होतो तो 'ताफा'.

नागपूरची मेट्रो तीन डब्यांची आहे. तीन डब्यांच्या गाडीच्या प्रचलित रचनेत दोन्ही टोकांचे डबे मोटारीचे असतात, म्हणजे त्यांच्या चाकांना विजेच्या मोटारी फिरवतात आणि त्यांच्यातच चालकाची केबिन असते, तर मधला डबा ट्रेलर, म्हणजे ओढला जाणारा, असतो. दोन बैल आणि मधोमध गाडा अशी ही मांडणी आहे, फक्त एक बैल पुढे आणि दुसरा मागे जुंपलेला. दोन्ही टोकांना केबिन असल्यामुळे शेवटच्या स्थानकावर गाडी वळवावी लागत नाही. चालक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो आणि तीच गाडी उलट दिशेने निघते. प्रवाशाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की गाडीचे 'पुढचे' आणि 'मागचे' तोंड कायमचे ठरलेले नसते, आणि म्हणूनच डब्यावर 'पहिला' किंवा 'शेवटचा' असे रंगवून भागत नाही. प्रत्येक डब्याला स्वतःचा कायमचा क्रमांक द्यावाच लागतो.

२. क्रमांक हा डब्याचा दाखला

डब्याचा क्रमांक सर्वप्रथम देखभाल करणाऱ्यांसाठी असतो. कोणत्या डब्याची चाके केव्हा तासली, कोणत्या दरवाजाची मोटार बदलली, कोठला पंखा वारंवार बिघडतो, ही सगळी नोंद त्या क्रमांकाखाली साठत जाते. शाळेतील दाखला जसा विद्यार्थ्याबरोबर इयत्तेमागून इयत्ता पुढे सरकतो, तसा हा क्रमांक डब्याबरोबर त्याच्या सेवेच्या अखेरपर्यंत राहतो. गाडी आज कोणत्या मार्गावर आहे आणि कोठे निघाली आहे ही माहिती दिवसभरात अनेकदा बदलते. क्रमांक मात्र बदलत नाही. बदलणारी माहिती विजेच्या पाटीवर आणि न बदलणारी माहिती रंगात किंवा पत्र्यावर, ही विभागणी जगभरातील रेल्वेने पाळलेली आहे.

क्रमांक वाचावा कसा याचे सोपे उदाहरण नागपूर रेल्वे स्थानकाच्या फलाटावर मिळते. भारतीय रेल्वेच्या प्रवासी डब्यांच्या रूढ पाच आकडी पद्धतीत पहिले दोन आकडे डबा बांधल्याचे वर्ष सांगतात आणि उरलेले तीन आकडे डब्याचा प्रकार व अनुक्रम सांगतात. एखाद्या डब्यावर १७२३५ असे लिहिलेले असेल, तर तो २०१७ साली बांधलेला आहे आणि २३५ हा आकडा शयनयान डब्यांसाठी राखलेल्या गटातला आहे, एवढे वाचकाला उभ्या उभ्या सांगता येते.

इंजिनांच्या खुणा याहूनही बोलक्या आहेत. अजनीच्या विद्युत इंजिन शेडमध्ये 'डब्ल्यूएपी-७' आणि 'डब्ल्यूएजी-९' या जातींची इंजिने राहतात. यातील पहिले अक्षर 'डब्ल्यू' रुंदमापी मार्ग, म्हणजे रुळांमधील अंतर १,६७६ मिलिमीटर, हे सांगते. 'ए' म्हणजे उलटसुलट दिशेने वाहणाऱ्या विजेवर, म्हणजे एसी प्रवाहावर, चालणारे. 'पी' म्हणजे प्रवासी गाडीसाठी आणि 'जी' म्हणजे मालगाडीसाठी. शेवटचा आकडा त्या जातीतील नमुना दाखवतो. पहिल्या अक्षराच्या जागी 'झेड' असेल तर ते इंजिन ७६२ मिलिमीटरच्या अरुंदमापी मार्गाचे. नागपूरच्या मोतीबाग येथील अरुंदमापी रेल्वेच्या संग्रहालयात, जे २००२ साली सुरू झाले, अशा अरुंदमापी मार्गाची इंजिने पाहता येतात आणि ते संग्रहालय मेट्रोच्या कडबी चौक स्थानकाच्या परिसरातच आहे. १,६७६, १,४३५ आणि ७६२ मिलिमीटर अशी तीन मापे, म्हणजे अनुक्रमे रेल्वे, मेट्रो आणि जुनी छोटी गाडी, एकाच शहरात एका दिवसात पाहता येणे ही नागपूरकरांच्या वाट्याला आलेली दुर्मीळ संधी आहे.

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत हीच युक्ती वेगळ्या रीतीने दिसते. तेथे डब्यांची जात 'आर' हे अक्षर आणि खरेदीच्या कराराचा क्रमांक जोडून ओळखली जाते. १९६४ साली सेवेत येऊ लागलेले 'आर-३२' डबे २०२२ पर्यंत धावले. शिवाय त्या शहरात ज्या मार्गांना आकडे आहेत त्यांचे डबे सुमारे २.६ मीटर रुंद आणि ज्यांना अक्षरे आहेत त्यांचे बहुतेक डबे सुमारे ३ मीटर रुंद आहेत, कारण हे मार्ग मुळात वेगवेगळ्या मापांनी बांधले गेले. मार्गाचे नाव आकडा आहे की अक्षर, एवढ्यावरून डब्याची रुंदी कळते. जुना इतिहास अशा रीतीने खुणांमध्ये टिकून राहतो.

३. ताफा ठरतो कसा?

महाराष्ट्र मेट्रो रेल कॉर्पोरेशनने, म्हणजे महामेट्रोने, नागपूरसाठी सीआरआरसी या चिनी उद्योगाच्या डालियन येथील कारखान्याकडून ६९ डबे, म्हणजे तीन डब्यांच्या २३ गाड्या, मागवल्या. २३ हा आकडा कोठून येतो याचा ढोबळ हिशेब कोणालाही करता येतो. हिशेबाच्या सोयीसाठी एक मार्ग २० किलोमीटरचा धरला आणि थांब्यांसह सरासरी वेग तासाला ३० किलोमीटर धरला, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ४० मिनिटे लागतील. दोन्ही टोकांना उलट फिरण्यासाठी प्रत्येकी ५ मिनिटे मोजली, तर एक पूर्ण फेरी ९० मिनिटांची होते. दर १० मिनिटांनी गाडी हवी असेल तर ९० भागिले १०, म्हणजे ९ गाड्या एकाच वेळी मार्गावर असाव्या लागतील. दुसरा मार्ग थोडा आखूड असून त्याची फेरी ८० मिनिटांची धरली, तर तेथे ८ गाड्या लागतील. दोन्ही मिळून १७ गाड्या झाल्या. उरलेल्या ६ गाड्यांपैकी काही देखभालीसाठी डेपोत असतील, काही ऐनवेळी उपयोगी पडाव्यात म्हणून राखीव असतील, आणि गर्दीच्या वेळी फेऱ्या वाढवायला थोडी जागाही राहील. घरात चार माणसे असली तरी ताटे सहा ठेवावी लागतात, तसाच हा हिशेब आहे.

एका ताफ्यातील गाडी दुसऱ्या मार्गावर चालवता येईल का, हा यातून निघणारा प्रश्न. त्यासाठी निदान चार गोष्टी जुळाव्या लागतात : रुळांमधील अंतर, विजेचा प्रकार व दाब, डब्याची रुंदी, आणि गाडीशी बोलणारी सिग्नल व्यवस्था. दिल्ली मेट्रोचे सुरुवातीचे काही मार्ग रुंदमापी, तर नंतरचे १,४३५ मिलिमीटरच्या प्रमाणमापी रुळांवर आहेत, त्यामुळे एकाच संस्थेच्या असूनही या दोन गटांतील गाड्यांची अदलाबदल होऊ शकत नाही. याउलट २०१७ साली नागपूरच्या मेट्रोची पहिली चाचणी धाव हैदराबाद मेट्रोकडून भाड्याने आणलेल्या गाडीवर घेता आली, कारण दोन्हीकडे रूळ प्रमाणमापी आहेत आणि माथ्यावरील तारेतून २५,००० व्होल्ट दाबाची वीज मिळते. पुढे पुणे मेट्रोच्या सुरुवातीच्या चाचण्यांसाठी नागपूरच्या ताफ्यातील गाड्या पुण्यात नेण्यात आल्या. खुणांचे आणि मापांचे प्रमाणीकरण हा कागदी सोपस्कार नसून त्यामुळे एक शहर दुसऱ्या शहराच्या अडीनडीला धावून जाऊ शकते, हे या दोन घटनांत स्पष्ट दिसते.

४. रंग आणि अक्षर : प्रवाशासाठीची खूण

देखभालीसाठीचा क्रमांक प्रवाशाच्या कामाचा नसतो. त्याला हवी असते दिशा. नागपूरच्या पहिल्या टप्प्यातील दोन मार्गांची नावे यासाठीच रंगांवरून ठेवलेली आहेत. उत्तर-दक्षिण जाणारी ऑरेंज लाईन ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी अशी धावते, तर पूर्व-पश्चिम जाणारी ॲक्वा लाईन प्रजापती नगर ते लोकमान्य नगर अशी. खापरी ते सीताबर्डी हा भाग मार्च २०१९ मध्ये, लोकमान्य नगर ते सीताबर्डी हा भाग जानेवारी २०२० मध्ये सुरू झाला, आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी दोन्ही मार्ग शेवटच्या टोकापर्यंत पोहोचले. त्यांची भेट फक्त सीताबर्डीला होते. संत्र्यांच्या शहरात एका मार्गाला नारिंगी रंग मिळाला, त्यामुळे तो लक्षात ठेवण्यासाठी वेगळे प्रयत्न करावे लागत नाहीत, आणि चांगल्या खुणेची पहिली कसोटी हीच आहे.

तरीही एकट्या रंगावर विसंबून चालत नाही. काही माणसांना रंगांतील भेद नीट ओळखता येत नाहीत, संध्याकाळच्या दिव्यांत छटा बदलतात, आणि रंगावरून मार्ग कळला तरी दिशा कळत नाही. म्हणून रंगाच्या जोडीला शेवटच्या स्थानकाचे नाव लागते. मुंबईच्या मध्य रेल्वेवरील लोकलने हे काम एकेका अक्षरावर सोपवले : 'के' म्हणजे कल्याण, 'टी' म्हणजे ठाणे, 'ए' म्हणजे अंबरनाथ. मात्र 'एस' म्हणजे कर्जत आणि 'एन' म्हणजे कसारा, कारण कल्याणचे 'के' आधीच घेतलेले असताना 'क'ने सुरू होणाऱ्या आणखी दोन गावांना तेच अक्षर देता येत नव्हते. रोजचा प्रवासी हे अंगवळणी पाडून घेतो, पण नवख्या माणसाला त्याचा उलगडा होत नाही. खूण जेवढी आखूड, तेवढी ती आधीपासून माहीत असावी लागते. आणि ती जेवढी लांब, तेवढी वाचायला वेळ लागते. मेट्रोच्या पाटीवर पूर्ण नाव येते, कारण विजेच्या पाटीला जागेची टंचाई उरलेली नाही.

५. आपण कोठे आहोत हे गाडीला कसे कळते?

घोषणा वेळेवर व्हायची तर गाडीला स्वतःचे ठिकाण ठाऊक असले पाहिजे. ते समजण्याचा पहिला मार्ग म्हणजे चाकाचे फेरे मोजणे. चाकाचा व्यास ८६० मिलिमीटर धरला, तर एका फेऱ्यात गाडी सुमारे २.७० मीटर पुढे जाते. फेरे गुणिले २.७० म्हणजे कापलेले अंतर. सायकलच्या मीटरमागेही हेच तत्त्व असते.

पण चाक झिजते. तेच चाक झिजून ८२० मिलिमीटरचे झाले, तर एका फेऱ्यात गाडी २.५८ मीटरच जाईल. गणना जुन्याच मापाने चालू राहिली, तर गाडीने प्रत्यक्षात १,००० मीटर कापलेले असताना यंत्र सुमारे १,०४९ मीटर दाखवील. ही ४९ मीटरची चूक दोन डब्यांच्या लांबीहून अधिक आहे आणि ती प्रत्येक किलोमीटरला वाढत जाते. पावसात चाक घसरले तर आणखी गोंधळ होतो. त्यावरचा उपाय म्हणजे रुळांमध्ये ठरावीक अंतरावर बसवलेल्या, बीकन नावाच्या चपट्या पेट्या. गाडी वरून जाताच पेटी आपला क्रमांक गाडीला कळवते, गाडीच्या संगणकातील नकाशात त्या क्रमांकाचे नेमके ठिकाण नोंदलेले असते, आणि तोवर साठलेली सगळी चूक एका क्षणात पुसली जाते. महामार्गावर गाडीवानाने अंदाज बांधत जावे आणि मैलाचा दगड दिसताच तो अंदाज दुरुस्त करून घ्यावा, तसे हे आहे. नागपूरच्या मेट्रोत गाडी आपले ठिकाण रेडिओवरून नियंत्रण कक्षालाही सतत कळवत असते, आणि त्यावरूनच मागच्या गाडीने किती अंतर राखावे हे ठरते.

दरवाजे कोणत्या बाजूला उघडतील हेही त्याच नकाशातून कळते. भारतात दुहेरी मार्गावर गाड्या सामान्यतः डावीकडून धावतात, म्हणून फलाट मार्गाच्या बाहेरच्या अंगाला असेल तर तो गाडीच्या डावीकडे येतो. दोन्ही रुळांच्या मधोमध एकच फलाट असेल तर तो उजवीकडे येतो. नकाशात प्रत्येक स्थानकापुढे ही बाजू लिहून ठेवलेली असते, आणि घोषणा, दिवे व दरवाजे तीच नोंद वाचतात.

६. आवाजाचे तुकडे आणि मराठीचे व्याकरण

गाडीतला आवाज माणसाचाच असतो, पण तो आधी मुद्रित करून ठेवलेला असतो. दिल्ली मेट्रोतील हिंदी घोषणा शम्मी नारंग यांच्या आणि इंग्रजी घोषणा रिनी सायमन खन्ना यांच्या आवाजात आहेत, आणि हे दोघे लाखो प्रवाशांच्या रोजच्या परिचयाचे झाले आहेत. आवाज मुद्रित करताना पूर्ण वाक्ये नोंदवावीत की तुकडे, हा निर्णय घ्यावा लागतो. एका मार्गावर २० स्थानके, ३ भाषा आणि वाक्यांचे ३ साचे असतील, तर पूर्ण वाक्यांची संख्या २० गुणिले ३ गुणिले ३, म्हणजे १८० होते. नावे वेगळी आणि साचे वेगळे मुद्रित केले, तर ६० नावे आणि ९ साचे, म्हणजे अवघे ६९ तुकडे पुरतात. उद्या एखाद्या स्थानकाचे नाव बदलले, तर पहिल्या पद्धतीत ९ वाक्ये आणि दुसऱ्या पद्धतीत ३ तुकडे पुन्हा मुद्रित करावे लागतील.

तुकड्यांची पद्धत किफायतशीर खरी, पण मराठीत ती जपून वापरावी लागते. मराठीत नावाला प्रत्यय लागला की बहुतेक वेळा नावाचे रूपही बदलते, आणि या बदललेल्या रूपाला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात. 'खापरी'चे 'खापरीला' सरळ होते, पण 'अजनी चौक'चे 'अजनी चौकाला' असेच म्हणावे लागते. 'चौक' या मुद्रित तुकड्यापुढे 'ला' हा तुकडा चिकटवला तर 'चौकला' असा कानाला खुपणारा शब्द तयार होतो. दुसरी अडचण लिंगाची आहे. अजनी चौक 'आला', रहाटे कॉलनी 'आली' आणि कॉटन मार्केट 'आले'. म्हणजे स्थानकाच्या नावाप्रमाणे क्रियापदही बदलते. इंग्रजीच्या साच्यात नुसते मराठी शब्द ओतून तयार केलेली घोषणा येथेच अडखळते.

यावरचा उपाय मराठीतच आहे. 'पुढील स्थानक' असे म्हणून क्षणभर थांबायचे आणि मग नाव जसेच्या तसे उच्चारायचे : 'पुढील स्थानक, रहाटे कॉलनी'. नाव प्रथमेत, म्हणजे प्रत्ययाविना, राहते. त्यामुळे सामान्यरूपाचा प्रश्न उद्भवत नाही. आणि लिंग ठरते ते 'स्थानक' या नपुंसकलिंगी शब्दाचे, त्यामुळे पुढे क्रियापद आलेच तरी ते एकच राहते. हे वाक्य रुक्ष वाटत असले तरी ते व्याकरण आणि यंत्र या दोघांचाही मान राखते. घोषणा लिहिणाऱ्याला भाषेची जाण का हवी, याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण आहे. चुकीचे मराठी दिवसातून शेकडो वेळा ऐकू आले तर मुलांच्या कानांत तेच योग्य म्हणून बसते, म्हणून या छोट्या वाक्यांवर घेतलेले कष्ट वाया जात नाहीत.

७. छत्रपती चौक ते नागपूर रेल्वे स्थानक

आता या सगळ्या खुणा एकत्र वाचता येतात. हुडकेश्वरहून आलेल्या प्रवाशाला छत्रपती चौकातून रेल्वे स्थानकावर जायचे आहे असे समजावे. फलाटावरील पाटीत त्याने ऑटोमोटिव्ह चौक हे नाव पाहायचे, खापरी हे नाही, कारण रंग दोन्ही दिशांना एकच आहे. गाडीत शिरल्यावर डब्यातील क्रमांकाकडे एकदा लक्ष द्यावे : डब्यात कोणी आजारी पडले, सामान विसरले किंवा दरवाजा अडकला, तर कर्मचाऱ्यांना 'मधल्या डब्यात' असे सांगण्यापेक्षा क्रमांक सांगितल्याने मदत नेमक्या ठिकाणी पोहोचते. देखभालीसाठीचा दाखला अशा वेळी प्रवाशाच्याही उपयोगी पडतो. अजनी चौक, रहाटे कॉलनी, काँग्रेस नगर आणि मग सीताबर्डी, असे चौथ्या घोषणेला उतरायचे. तेथे वेगळ्या स्तरावरील ॲक्वा लाईनच्या फलाटावर जाऊन प्रजापती नगरची गाडी धरायची. कॉटन मार्केटनंतरचे स्थानक म्हणजे नागपूर रेल्वे स्थानक.

डोळस आणि सरावलेल्या प्रवाशाला यातील निम्म्या खुणा अनावश्यक वाटतील. पण ज्याला दिसत नाही त्याला रंग आणि पाटी यांचा उपयोग नाही, ज्याला ऐकू येत नाही त्याला घोषणेचा नाही, आणि खेड्यातून प्रथमच आलेल्या वृद्धाला नकाशाचा नाही. तीच माहिती रंगाने, अक्षराने आणि आवाजाने, शिवाय मराठी, हिंदी व इंग्रजी या तीन भाषांत सांगण्यामागे हेच कारण आहे : एक वाट बंद असली तरी दुसरी उघडी राहावी. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याचे मार्ग कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि कापसी या दिशांना आखलेले असल्यामुळे हुडकेश्वरच्या रहिवाशाला मेट्रोसाठी रिंग रोडचा प्रवास करावाच लागणार आहे. दोन वाहने बदलून, गर्दीत उभ्याने जाणाऱ्या अशा प्रवाशाला खिडकीबाहेर काहीच दिसत नसते. झिजलेल्या चाकाची चूक रुळांमधील पेटीने दुरुस्त केलेली असते, संगणकाने योग्य तुकडा निवडलेला असतो, आणि 'पुढील स्थानक, सीताबर्डी' हे शुद्ध मराठी वाक्य ऐकून तो दरवाजाकडे सरकतो.